पिवळा अंगठा

‘विसळल्याबिगर भरू नोको रे बापू. कोनतंबी भांडं असो, विसळल्याबिगर भरू नोको.’

आईचा हा आवाज धनराजच्या कानात नेहमी तळ्याच्या पाळीवरून येई. भागीरथा नाव तिचं. तिला जाऊन अठरा वर्षं झाली होती, पण आवाज काही माणसासारखा म्हातारा होत नाही; तो तसाच राहिला होता, गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या बाईचा, थंडीनं जरासा कापरा, लटक्या रागाचा. चामोर्शीपासून दोन कोसांवरचं ते तळं, पाण्यावरून उठणारी सकाळची वाफ, पलीकडे जाळं ओढणारा बाप, आणि काठाशी तांब्या घेऊन उभा असलेला सात वर्षांचा धनराज. तांब्या भरण्याआधी त्यानं म्हणून दाखवायचं असे:

पहिलं पाणी धुळीले,
दुसरं पाणी भुईले,
तिसरं पाणी देवाले,
मंग पाणी जीवाले.

तीनदा विसळायचं, तीनदा ओतायचं, मग भरायचं. आणि विसळायचं तेही ज्या पाण्यानं भरायचं त्याच पाण्यानं. ‘भांड्याले पाण्याची वळख होऊ दे,’ ती म्हणे, ‘नवी सून घरात घेतेवक्ती तिचे पाय धुतो का नाई आपन?’ जाळं टाकणाऱ्या ढिवराच्या घरातलं पोर बोलायच्या आधी हे शिकतं. आज सकाळी साडेदहाला, चंद्रपूरच्या सामायिक उपकरण केंद्राच्या तळमजल्यावर, आपल्या टेबलावर ठेवलेला एक छापील फॉर्म वाचताना हा आवाज त्याला इतका जवळून ऐकू आला की त्रेचाळीस वर्षांच्या धनराजनं तो फॉर्म चटकन पालथा घातला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तरी कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून त्यानं मागं वळून पाहिलं.

फॉर्म रुपालीचा होता. बारीक, गोल, भाताच्या दाण्यांसारखं सुटं अक्षर. नागपूरहून नवीन योजना आली होती: अशा केंद्रांमध्ये यंत्रांवर काम करणाऱ्या माणसांना वर चढायला एखादी तरी पायरी असावी, जुन्यांनी नव्यांना हात धरून शिकवावं आणि त्याची कुठंतरी नोंद व्हावी. तीनच प्रश्न होते. ‘आपणास या कामात कोणी घडवले?’ पुढं तिनं लिहिलं होतं, ‘धनराजभाऊंनी. यंत्राला हात कसा लावावा इथपासून सर्व. माझ्या हातून मोठी चूक झाली तेव्हा मला कामावरून काढू दिले नाही, तेही त्यांनीच.’ दुसरा प्रश्न, ‘आपल्या कामातील उणीव.’ तिथं लिहिलं होतं, ‘मी विसरते. १९९९ साली पाण्याच्या बारा बाटल्यांत ॲसिड टाकायचे विसरले आणि टाकले असेच मला वाटत राहिले. तेव्हापासून माझा माझ्या हातावर भरवसा नाही.’ तिसरा प्रश्न, ‘वरिष्ठ तंत्रज्ञ पदासाठी आपला विचार व्हावा काय?’ त्यापुढं एकच शब्द होता. ‘नाही.’ खाली मार्गदर्शकाच्या सहीची जागा, आणि तिथं पेन्सिलीनं केलेली नाजूक फुली: ‘भाऊ, इथं.’ चार वाजता सगळ्यांचे फॉर्म एका लिफाफ्यातून नागपूरला जायचे होते. एकदा गेले की मग पुढची पाच वर्षं कोणी विचारणार नव्हतं.

सही करायला किती वेळ लागतो? नावाचा झटका आणि खाली रेघ. त्यानं पेन काढलं, टोपण काढलं, पुन्हा लावलं. केंद्रात यंत्रं सुरू व्हायच्या आधीची शांतता होती, पंख्याची कुरकुर होती. चार कॉलेजांनी आणि दोन कचेऱ्यांनी मिळून उभं केलेलं हे केंद्र. महागडी यंत्रं एकेकट्यानं कोण घेणार, म्हणून सगळ्यांची एकत्र. सूरजागडकडचे दगड यायचे, खाणीचा कोळसा यायचा, गावागावांतलं पाणी यायचं. प्राध्यापक यायचे, त्यांचे विद्यार्थी यायचे, आकडे घेऊन जायचे, आणि दोन वर्षांनी जाडजूड प्रबंध पाठवायचे. शेवटच्या पानावर आभार. यंत्र सगळ्यांचं होतं आणि यंत्रावरचा माणूस कुणाचाच नव्हता. धनराजला ज्यांनी घडवलं ते गुणवंतराव सव्वीस वर्षं हेच काम करून निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी गळ्यात हार घालून घेताना म्हणाले होते, ‘ज्या खुर्चीवर बसलो त्याच खुर्चीवरून उठून राह्यलो. खुर्चीचा वेत दोनदा बदलला, माहं पद काई बदललं नाई.’ सगळे हसले. म्हातारा हसला नाही, हे एकट्या धनराजनं पाहिलं. गुणवंतरावांच्या काळी कोणी असा फॉर्म दिला असता तर? आणि आपण त्यात काय लिहिलं असतं? लिहायला एक गोष्ट होती, मोठी होती, आणि आज ती आठवू नये असं त्याला फार वाटलं; म्हणूनच ती आठवली.

नोकरीतलं पहिलंच वर्ष. यंत्रातला दिवा बदलताना त्याच्या हातून निसटला आणि फरशीवर फुटला. काचेचा आवाज इतका लहान असतो आणि त्यानंतरची शांतता इतकी मोठी. तो दिवा परदेशातून यायचा, मिळायला सहा महिने लागायचे. त्या वेळचे संचालक ओरडत खाली आले, ‘कोणी फोडला?’ गुणवंतराव खाली बसून काचा वेचत होते. वर न पाहता ते म्हणाले, ‘माह्याच हातून पडला, सायेब. पोरगा त दारात होता.’ संध्याकाळी धनराज रडत त्यांच्या घरी गेला तेव्हा म्हातारा खाटेवर पाय हलवत म्हणाला, ‘रडून काऊन राह्यला बे? हात शिकून राह्यला तुह्या. शिकनाऱ्या हातातून पडनारच. शिकवनाऱ्यानं झेलाचं.’ झेलाचं! धनराजनं पालथ्या फॉर्मकडे पाहिलं. थंडीचे दिवस होते, खिडकीबाहेरच्या कडुनिंबावर कोवळं ऊन होतं, आणि तो घामानं भिजला होता.

“भाऊ, लिफाफा तयार हाये का नाई?” दारातून डोकं घालून लच्छू म्हणाला. केंद्राची जीप चालवणारा लच्छू हिवाळाभर वडशाकडच्या नाटकांतून फौजदाराचं काम करायचा, आणि वर्दी उतरवली तरी आवाज उतरवायचा नाही. “चारले निंगाचं हाये मले. रातच्याले पिंपळगावात प्रयोग हाये माह्या.”

“होते, होते. जाय तू.”

लच्छूनं त्याच्याकडे नीट पाहिलं. “तोंड काऊन असं झालं? पयल्या अंकात खून करून दुसऱ्या अंकात पूजेले बसते, तशा मानसावानी दिसून राह्यले तुमी.”

“तुले दुसरे कामं नाई का बे?”

“हायेत ना. गुन्हेगार पकडनं,” लच्छू हसत गेला. त्याच्या चपलांचा आवाज जिन्यावर विरेपर्यंत धनराज तसाच बसून राहिला. लच्छूला काही माहीत नव्हतं. त्या दिवशी बरोबर असूनही त्यानं काही पाहिलं नव्हतं; तो जीपच्या सावलीत निजला होता. पाहणारं कोणी नव्हतंच. सहा वर्षं धनराज स्वतःला हेच सांगत आला होता आणि त्यानं बरं कधी वाटलं नव्हतं.

नव्याण्णव सालचा फेब्रुवारी. हैदराबादच्या तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला केंद्रातून एकच माणूस जायचा होता, आणि जो जाईल तो परत येऊन पक्क्या जागेवर बसणार होता. माणसं दोन. धनराज दहा वर्षांचा जुना, पण बारावी शिकलेला आणि अजून कच्चाच; रुपाली वडशाकडच्या धानकऱ्याची पोरगी, बी.एस्सी. झालेली, दोन वर्षांपूर्वी आलेली, दर अकरा महिन्यांनी कराराचा कागद नवा करून घेणारी. समितीनं दोघांची परीक्षा ठेवली: धनराजनं दगडांतलं लोखंड मोजायचं, रुपालीनं चार गावांच्या बोरिंगच्या पाण्यातलं. नागपूरच्या प्रयोगशाळेनं तेच दगड आणि त्याच बोरिंगा आधी मोजल्या होत्या. ज्याचा आकडा जुळेल तो खरा. तिचं पाणी आणायला मात्र धनराजनं जायचं होतं, कारण संचालक म्हणाले होते, ‘बाईमाणसाला जीपनं त्या जंगलात कुठं पाठवता?’ रुपालीनं मान खाली घालून ऐकून घेतलं. ज्या परीक्षेवर तिचं पुढचं सगळं अवलंबून होतं, तिच्यातला पहिला हात तिचा नव्हता.

बोरिंगचं पाणी बाहेर येतं तेव्हा आरशासारखं असतं. तासाभरात त्यातलं लोखंड गंजतं, तळाशी बसतं, बाटलीला चिकटतं. म्हणून तर त्या गावांत भात लालसर होतो आणि पोरांचे पांढरे सदरे पहिल्या धुण्यातच तांबूस होतात. बाटलीतलं वरचं निवळ पाणी मोजलं तर लोखंड कमी दिसतं. त्यासाठी पाणी भरल्याबरोबर त्यात ॲसिडचे थेंब टाकायचे, मग ते बसत नाही. तोवर ॲसिडची कुपी वेगळी न्यायचे. रस्ते असे की ती जीपमध्ये सांडायची, लच्छूच्या सीटला दोन भोकं पडली होती. रुपालीनं यावेळी डोकं चालवलं. आदल्या संध्याकाळीच बारा कोऱ्या बाटल्यांत मोजून ॲसिड टाकून तिनं झाकणं लावून ठेवली. सकाळी पेटी जीपमध्ये चढवताना ती म्हणाली, ‘भाऊ, ॲसिड आतच टाकलं हाये बरं. नुसतं पानी भराचं.’ धनराज दोरी आवळत होता. ‘हो, हो,’ तो म्हणाला. त्याला ऐकू आलं होतं. नीट ऐकू आलं होतं. फक्त त्याच्या आदल्याच दिवशी, दाराआडून, त्याला आणखी काहीतरी ऐकू आलं होतं. संचालक समितीच्या माणसाला सांगत होते, ‘धनराज चांगला आहे, पण पोरीचा हात त्याच्यापेक्षा हलका आहे. शिकवणाऱ्याच्या पुढं गेली ती.’ शिकवणाऱ्याला याहून गोड काय ऐकायला मिळणार! आणि ते ऐकून रात्रभर त्याच्या छातीत काटा मोडल्यासारखं झालं होतं.

पहिलं गाव. बोरिंगचा दांडा मारणारी एक म्हातारी, सोमारी तिचं नाव, दात नसलेलं हसू. ‘पानी घेऊन जाऊन राह्यले, मंग परत कवा आनून देसान?’ तिनं विचारलं आणि बाया हसल्या. धनराजही हसला. त्यानं बाटली धारेखाली धरली, अंगठ्यानं तोंड दाबलं, खळखळून हलवली, ओतली. पुन्हा भरली, हलवली, ओतली. तिसऱ्यांदा. मग भरली. अंगठ्याला चुणचुणलं, त्याला वाटलं, कालचा गळ टोचला होता तिथं झोंबतंय. दुसरी बाटली. तिसरी. पहिलं पाणी धुळीले, दुसरं पाणी भुईले. चारही गावं, बाराही बाटल्या. हात आपोआप गेला होता. सदतीस वर्षांचा हात, जो जन्मात कधी न विसळता भांडं भरायला शिकलाच नव्हता. असंच झालं असणार. पण नंतर, हैदराबादच्या वसतिगृहात, इथल्या खोलीत, बायकोच्या शेजारी पडल्या पडल्या तो त्या हाताला विचारत राहिला: आपोआप गेलास की तुला ठाऊक होतं? आणि हात काही बोलायचा नाही. माणूस स्वतःचा हात रोज पाहतो, त्यानं जेवतो, देवाला जोडतो; तरी तो आपला आहे की कुणा दुसऱ्याचा, हे सांगता येत नाही अशी एक वेळ असते.

संध्याकाळी परतताना चामोर्शीच्या खानावळीत ताट पुढं आलं आणि त्यानं भाताला हात लावला, तेव्हा दिसला. अंगठा. पुढचं सगळं बोंड पिवळं झालेलं, पक्कं, गर्द, धुऊन न जाणारं. त्या ॲसिडनं कातडी अशीच पिवळी होते. केंद्रातल्या प्रत्येकानं हे कधी ना कधी अंगावर घेतलेलं असतं. ‘भाऊ, हळद कवा लागली?’ लच्छू घास घेत म्हणाला, ‘दुसरं लगन लावून राह्यले का चुपचाप? वहिनीले सांगू का?’ धनराज हसला नाही. त्याचा घास हातातच राहिला. एका क्षणात त्याला बाराही बाटल्या दिसल्या, चारही गावांतली ओली माती दिसली, जिथं रुपालीचं मोजून टाकलेलं ॲसिड त्यानं ओतून दिलं होतं. आणि लगेच हेही कळलं की काहीच बिघडलेलं नाही. सकाळी लवकर जायचं, तिला सांगायचं, त्याच बाटल्यांत ॲसिड टाकून एक दिवस थांबायचं. बसलेलं लोखंड पुन्हा पाण्यात येतं. एका वाक्याचं काम. ‘रुपाली, माह्या हातून विसळल्या गेल्या.’ बस. गुणवंतराव असते तर जीपमधून उतरण्याआधी सांगून मोकळे झाले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनराज साडेसहाला उठला. अंगण झाडलं. सायकलची चेन साफ केली. साडेनऊला निघाला, आणि कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे वळला. केस काही वाढले नव्हते. न्हावी म्हणाला, ‘पंधरा दिवस त झाले नाई, भाऊ.’ तो म्हणाला, ‘बारीक कर.’ आरशापुढं डोळे मिटून बसला. कात्रीचा आवाज कानामागं फिरत होता, आणि तो मोजत होता: आता तिनं खोली उघडली असेल, आता गॅस सोडला असेल, आता ज्योत पेटवली असेल. ‘दाढीबी कराची का?’ ‘कर.’ त्याला उठता आलं असतं. अर्धी दाढी करून धावत जाणारा माणूस लोकांनी पाहिला असता, हसले असते, विसरले असते. तो उठला नाही. अकरा वाजता केंद्राच्या दारात पोचला तेव्हा निळी ज्योत तेवत होती, आणि रुपाली आठव्या बाटलीतलं वरचं निवळ पाणी यंत्राला पाजत होती. तिनं वळून पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला. ‘भाऊ! मस्त दिसून राह्यले. आज माही परीक्षा आनि तुमीच नटून आले?’ त्यानं उजवा हात खिशात घातला.

तो हात दोन दिवसांनी समितीच्या खोलीतही खिशातच होता. रुपालीचे आकडे नागपूरच्या आकड्यांच्या निम्मेही नव्हते. बाटल्यांच्या तळाशी तांबूस गाळ बसला होता, तो सगळ्यांनी उजेडाकडे धरून पाहिला. ‘ॲसिड टाकलं होतं?’ ‘टाकलं होतं, सर.’ ‘मग हे काय आहे?’ ‘नोंद केली होती?’ ‘नाही, सर. पण भाऊंना मी सांगितलं होतं...’ संचालक वळले. ‘धनराज, काय म्हणाली होती ती? बाटल्यांत काही होतं?’ खोलीत चार माणसं, कपांत चहा, खिडकीत एक चिमणी. खिशात अंगठा गरम झाला होता. ‘मी घाईत होतो, सर,’ धनराज म्हणाला, ‘मी काई पाह्यलं नाई.’ बाहेर व्हरांड्यात तिनं त्याला गाठलं. डोळे कोरडे होते. रडली असती तर सोपं गेलं असतं. ‘भाऊ, तुमी बाटल्या विसळल्या त नाई ना?’ हा प्रश्न फक्त तिलाच सुचू शकत होता, कारण विसळायला तिला त्यानंच शिकवलं होतं. तो म्हणाला, ‘मी काऊन विसळीन बाप्पा? धुतलेल्याच त होत्या.’ तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे. ‘मंग मीच विसरली असन,’ ती म्हणाली.

तिथून पुढं ती विसरणारी झाली. तिला काढून टाकायची गोष्ट निघाली तेव्हा धनराज आपणहून संचालकांच्या खोलीत गेला. ‘सर, पोरीले काढू नोका. चुकी कोनाच्या हातून होत नाई?’ संचालक म्हणाले होते, ‘तुझं मन मोठं आहे, धनराज.’ हे वाक्य त्यानं कधी कोणाला सांगितलं नाही. हैदराबादहून आल्यावर तो पक्का झाला आणि ती अकरा-अकरा महिन्यांची राहिली. मग तो तिला शिकवू लागला, जीव ओतून शिकवू लागला. तिकडे जे जे शिकला ते ते तिला दिलं, स्वतःच्या वह्या दिल्या, यंत्र उघडून दाखवलं, आजारी यंत्राचा आवाज कसा ओळखायचा ते सांगितलं. लोक म्हणू लागले, शिकवावं तर धनराजनं. बाहेरची केंद्रं आपली माणसं त्याच्याकडे पाठवू लागली. दर संक्रांतीला रुपालीची आई सुगंधाबाई वडशाहून नवा तांदूळ पाठवायची, ‘आमच्या पोरीच्या गुरूले.’ तो तांदूळ त्याच्या घरी शिजायचा. घरभर वास सुटायचा, पोरं दोनदा वाढून घ्यायची, बायको म्हणायची, ‘मानसं किती चांगली हायेत!’ त्याला पहिला घास गिळायला नेहमी पाणी लागायचं. आणि रुपाली? ती प्रत्येक बाटलीवर पेन्सिलीनं ठिपका द्यायची, वर पुन्हा त्याला बोलवायची. ‘भाऊ, जरा पाहून घ्या ना, टाकलं ना मी?’ दिवसातून दहादा. ‘टाकलं,’ तो म्हणायचा. जो हात त्यानं तिच्यापासून तोडला होता, त्याच हाताची साक्ष द्यायला ती त्यालाच बोलवायची, आणि तो जायचा. कधी कधी तर त्याला बरंही वाटायचं, आपल्यावाचून हिचं चालत नाही म्हणून. ह्याची लाज त्याला त्या खोटेपणाहूनही जास्त वाटायची.

दुपारी जेवणानंतर वरच्या मजल्यावरून तिचा आवाज आला. कॉलेजच्या दोन मुली आल्या होत्या, त्यांना ती यंत्र दाखवत होती. धनराज जिन्याच्या वळणावर थांबला. “घाबरू नोका,” ती सांगत होती, “यंत्र आंगावर येत नाई. आंधी त्याचा आवाज ऐका. असा... हा. गाईच्या रवंथासारखा आला पायजे.” मुली खिदळल्या. “आमचे भाऊ सांगतात असं. हसू नोका, खरं हाये.” किती छान शिकवत होती. त्याच्यापेक्षा सावकाश, त्याच्यापेक्षा मऊ. वरिष्ठ म्हणून बसावं असं माणूस अजून कसं असतं? मग एका मुलीनं काहीतरी विचारलं आणि रुपाली म्हणाली, “थांबा हो, हे मी भाऊंना विचारून सांगते. मले मेलीले भरवसा नाई.” ते ती इतक्या सहज म्हणाली, जसं कोणी म्हणावं, मला जरा कमी दिसतं, किंवा माझा पाय जरा लंगडा आहे. जन्मजात असल्यासारखं.

तो खाली आला, फॉर्म सुलटा केला आणि लिहायला बसला. सांगण्यापेक्षा लिहिणं सोपं जाईल असं त्याला वाटलं. ‘सदर त्रुटी ही उमेदवाराची नसून...’ खोडलं असतं तर फॉर्म खराब झाला असता, म्हणून हे तो कच्च्या कागदावर लिहीत होता. ‘नमुना-संकलनाच्या वेळी अनवधानाने...’ अनवधानाने! हा शब्द त्यानं सावकाश पाहिला. सरकारी शब्द किती स्वच्छ असतात, जसा कधी कुणाचा हातच लागला नाही त्यांना. त्यानं तीन कागद फाडले. शेवटी फॉर्मवरच, पेन्सिलीच्या फुलीशेजारी, लिहिलं: ‘दुसऱ्या उत्तरातली चूक रुपालीची नाही, माझी आहे. बाटल्यांत ॲसिड होतं. मी त्या विसळल्या.’ आणि खाली सही. हे नागपूरला जाईल, संचालक वाचतील, जी जागा त्याला सहा वर्षं पोसत होती तिच्याबद्दल कोणीतरी काहीतरी विचारील. विचारू दे. पण कागद तिच्या हातात देऊन निघून जाणं, तिनं ते एकटीनं वाचणं, हे त्याला बघवेना. घड्याळात साडेतीन झाले होते.

ती मागच्या मोरीपाशी काचा धूत होती. कोपरापर्यंत ओले हात, ओढणी कमरेला खोचलेली.

“सही झाली का, भाऊ? लच्छू बोंबलून राह्यला केव्हाचा.”

“झाली. पन तुहं दुसरं उत्तर खोटं हाये.”

ती हसली. “घ्या! उणीव माही, आनि ते खोटी म्हननार तुमी? आनखी दोन लिहू का? तांदूळ जास्त शिजवते, असं?”

“रुपाली, बाटल्यात ॲसिड होतं. बाराही बाटल्यात. तू विसरली नव्हती. मी विसळल्या त्या.”

कोणत्या बाटल्या, असं तिनं विचारलं नाही. तिनं नळ बंद केला. फार हळू, पीळ घालून घालून, शेवटचा थेंब पडायचा थांबेपर्यंत. मग ओले हात तसेच पुढं धरून ती त्यांच्याकडे पाहत राहिली, उलटे करून, सुलटे करून, जसं बाजारात आणलेलं काही पाहावं तसं. धनराज बोलत होता. बोरिंगवर हात कसा गेला, अंगठा कसा पिवळा झाला, सगळं मागंपुढं, तुटक. ती ऐकते आहे की नाही हेही त्याला कळत नव्हतं. त्यानं फॉर्म ओट्यावर ठेवला, त्यावर पेन ठेवलं. “तिसऱ्या उत्तरात खाडाखोड केली तरी चालते,” तो म्हणाला, “मी इचारून आलो सरांना.”

ती बोलली तेव्हा तिचा आवाज त्याला वाटला होता तसा चढलेला नव्हता. “सवय हो भाऊ. हाताले सवय असते,” ती म्हणाली. ती त्याच्याकडे पाहत नव्हती, ओट्याकडे पाहत होती, आणि एकेक शब्द शोधून शोधून त्याच्यापुढं ठेवत होती, आजाऱ्याला पाट मांडून द्यावा तसा. “मी वऱ्हांड्यात इचारलं तवा तुमाले आठवलंच नसंल. घाईचे दिवस होते. मंग कवातरी ध्यानात आलं असंल. हैदराबादले गेल्यावर, नाई त त्याच्याबी मागून. तवा सांगून तरी काय उपेग होता? असंच झालं ना, भाऊ?”

बाहेर लच्छूनं हॉर्न दिला. लांबलचक, नाटकी. धनराजनं तिच्याकडे पाहिलं. तिनं दार उघडून धरलं होतं आणि त्यानं फक्त मान हलवायची होती. तिला ते हवं होतं, हे त्याला दिसत होतं. सहा वर्षांपूर्वी गेलेला हात परत मिळाला तरी भाऊही राहावा, एवढंच ती मागत होती. त्याच्या ओठांवर ‘हो’ आला. अगदी पुढच्या दातांपर्यंत आला.

“नाई,” तो म्हणाला. “त्याच संध्याकाळी मालूम झालं होतं मले. तू ज्योत पेटवाच्या आंधी. सांगतलं असतं त तू गेली असती, रुपाली. म्हनून नाई सांगतलं.”